एमजीबीच्या पेट्रोलच्या जुन्या नळ्या घरी बदलता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी इंग्लंडमध्ये आहे, १९७० ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), एसयू कंपनीचे एचएस४ जातीचे जोडीचे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग). गॅरेजमध्ये सकाळी पेट्रोलचा वास येतो आणि कार्ब्युरेटरजवळच्या रबरी नळीवर बारीक भेगा दिसतात. तेवढी नळी घरी बदलून भागेल का?

घरी नक्की बदलता येईल, एक दुपार पुरते. मात्र तेवढीच बदलून भागणार नाही. ती नळी बॉनेटखाली डोळ्यांसमोर आहे म्हणून तिच्या भेगा दिसल्या. बाकीच्या बहुधा तिच्याच वयाच्या आहेत, फक्त गाडीच्या पोटाखाली चिखलात लपलेल्या. शिवाय या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू बाहेर नेणारा बिडाचा भाग) एकाच बाजूला असतात. मध्ये उष्णतारोधक पत्रा आहे खरा, पण वरून ठिबकणारं पेट्रोल शेवटी तापलेल्या बिडाकडेच जातं. त्यामुळे ‘दोन-चार महिने बघू’ हा पर्याय इथे नाही. नळ्या बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

आधी किती नळ्या आहेत ते मोजा. एमजीबीत टाकीपासून पुढे बहुतेक वाट धातूच्या पाइपची आहे आणि रबर फक्त जोडांवर येतं: टाकी ते पंप, पंप ते पुढे जाणारा लांब पाइप, तो पाइप ते पहिला कार्ब्युरेटर, आणि दोन कार्ब्युरेटरांमधला तुकडा. आधीच्या मालकाने मध्ये फिल्टर बसवला असेल तर आणखी एक. सगळं मिळून दोन मीटर नळी आणि डझनभर क्लिपा घेतल्या की पुरतं.

टाकी ते पंप हा तुकडा लोक हमखास विसरतात. तिथे विजेवरचा, टिकटिक करत चालणारा पंप पेट्रोल ओढतो, ढकलत नाही. म्हणून नळीला चीर गेली की पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, पण चढावर गाडी दम तोडते आणि पंप सारखा टिकटिकत राहतो. अशा वेळी पंपाला नावं ठेवून नवा आणला जातो आणि तोही तसाच टिकटिकतो.

आता नळीची जात. या कामातली खरी चूक पान्याने होत नाही, दुकानात होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या नायट्राइल रबरातली मऊपणा टिकवणारी द्रव्यं असं पेट्रोल धुऊन काढतं. नळी ओली असते तोवर फुगलेली आणि मऊ असते. गाडी हिवाळाभर उभी राहिली की ती वाळते, आकसते आणि तडकते. क्लासिक गाड्या वर्षातले बरेच महिने उभ्याच असतात, म्हणून रोजच्या गाडीपेक्षा त्यांच्या नळ्या लवकर जातात.

नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप हवा. हे मानक इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे आणि एसयू पंपाचा दाब जेमतेम अडीच-तीन पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो, त्यामुळे दाबाच्या दृष्टीने इतकी भारी नळी लागत नाही. आपल्याला हवा असतो तो तिचा आतला थर. तो फ्लुओरो-रबराचा, व्हायटॉनच्या जातीचा असतो आणि इथेनॉलला दाद देत नाही. दुसरा फायदा झिरपण्याचा. त्याखालच्या आर७ मानकाच्या नळीतून दर चौरस मीटरमागे दिवसाला ५५० ग्रॅमपर्यंत पेट्रोल झिरपलेलं चालतं, आर९ मध्ये ही मर्यादा १५ ग्रॅम आहे. नव्या कोऱ्या नळ्या टाकूनही गॅरेजमध्ये वास का येतो, याचं उत्तर पुष्कळदा या दोन आकड्यांत असतं.

नुसता ‘आर९’ एवढाच छाप पाहून भुलू नका, कारण खोट्या छापाची नळीही बाजारात येते आणि वर्षाच्या आत तडकते. खऱ्या नळीवर उत्पादकाचं नाव, पूर्ण मानक, माप आणि बहुधा उत्पादनाचा काळ छापलेला असतो. मीटरच्या भावाने सुटी कापून घेताना छाप असलेला भागच मागा. कापडी किंवा स्टीलच्या जाळीची नळी जुन्या गाडीवर शोभते, पण जाळीखाली रबर तडकलं तर कळत नाही. मी साध्या काळ्या नळीच्या बाजूचा आहे. बॉनेट उघडून कौतुक करणाऱ्यांना काय वाटेल ते वाटो.

माप अंदाजाने घेऊ नका. या गाडीवरचे पाइप इंची मापाचे आहेत: पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ५/१६ इंच म्हणजे ७.९ मिमी. पन्नास वर्षांत भाग इकडचे तिकडे झालेले असतात, म्हणून प्रत्येक टोकावर व्हर्नियर (व्यास मोजायची बारीक मापपट्टी) लावा. नळीचा आतला व्यास पाइपच्या बाहेरच्या व्यासाइतका हवा. ५/१६ वर ८ मिमीची नळी चालते. पाव इंचाच्या टोकावर ८ मिमीची नळी चढवून क्लिपने आवळणं मात्र चालत नाही. तिथे रबराला घडी पडते आणि गळती त्या घडीतूनच होते.

क्लिपा अखंड पट्टीच्या, कडा वर वळवलेल्या आणि छोट्या नट-बोल्टने आवळणाऱ्या घ्या. त्या इंधनाच्या नळीसाठी म्हणूनच मिळतात. पट्टीला आरपार खाचा असलेली नेहमीची पेचाची क्लिप रेडिएटरवर ठीक आहे, पण इतक्या बारीक नळीवर ती गोल बसत नाही आणि खाचांत रबर कापलं जातं. अखंड क्लिपेची आवळण्याची मुभा एक-दोन मिलिमीटरचीच असते, म्हणून नळी हातात आल्यावर तिचा बाहेरचा व्यास मोजून मगच क्लिपा मागवा.

सुरक्षिततेचं नेहमीचं सगळं आहेच, पण काही गोष्टी खास इथल्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. त्यामुळे गॅरेजमध्ये खड्डा असेल तर हे काम त्यात उतरून करू नका आणि बॉयलर किंवा फ्रीज असलेल्या बंद गॅरेजमध्येही नको. गाडी बाहेर काढा. दिवा एलईडीचा, बॅटरीवरचा. फोम किंवा पावडरचं अग्निशामक हाताशी. डोळ्यांवर चष्मा, कारण गाडीखाली आडवं पडून नळी ओढताना थेंब सरळ चेहऱ्यावर येतो. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर.

टाकी पावाहून कमी असेल तेव्हाच काम काढा. उपसलेलं पेट्रोल मान्य डब्यातच ठेवा. ब्रिटनमध्ये घरी परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, प्लास्टिकचा डबा जास्तीत जास्त १० लिटरचा, धातूचा २० लिटरचा.

सुरुवातीला बॅटरीची अर्थची तार, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार, काढा. ‘निगेटिव्ह काढा’ असं मी मुद्दाम म्हणत नाही, कारण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो. तुमच्या गाडीत निगेटिव्ह आहे. मग टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडा. तुमच्यासारख्या क्रोम बंपरच्या गाडीत पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, बॅटरीच्या खोक्याशेजारी असतो. ते चाक काढलं की हात नीट जातो.

एका वेळी एकच नळी काढा आणि तिच्या जागी नवी बसवूनच पुढच्या नळीला हात लावा. सगळ्या एकदम उपटल्या तर कोणती कुठून गेली होती यात तास जातो. काढण्याआधी जोडाभोवतीची माती ब्रशने साफ करा, नाहीतर ती पाइपात पडते. जुनी नळी पक्कडीने पिळून ओढू नका. कार्ब्युरेटरच्या झाकणावरचं टोक दाबून बसवलेलं असतं. ते हललं की झाकणच गळायला लागतं, आणि त्यावर नव्या नळीचा इलाज नाही. नळी ब्लेडने लांबीच्या दिशेने, तिरकी, वरवर चिरा आणि साल काढावी तशी सोलून घ्या. पाइपवर ओरखडा येऊ देऊ नका, कारण तो ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. टाकीकडचं टोक मोकळं होताच त्यात गुळगुळीत बोल्ट किंवा रबरी बूच घाला. पंपावर बँजो जोड (पोकळ बोल्टने आवळलेले कडीसारखे जोड) असतील तर त्यांचे फायबर वॉशर नवेच घाला. एकदा दाबलेला वॉशर दुसऱ्यांदा क्वचितच बसतो.

नवी नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. पक्कडीने कापली तर टोक चेपतं आणि आत रबराचा चुरा राहतो. हा चुरा दिसायला क्षुल्लक, पण तो फ्लोटच्या (कार्ब्युरेटरच्या भांड्यात पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) सुईखाली अडकला की सुई बंद होत नाही, भांडं भरून वाहतं आणि नळ्या बदलल्यावरच गळती सुरू झाली असं वाटतं. म्हणून कापलेला प्रत्येक तुकडा हवेने फुंकून घ्या. व्हायटॉनची नळी ताठ असते. टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, पुसा, आतून पेट्रोलचा हात फिरवा आणि सरळ ढकला. सिलिकॉन ग्रीस लावू नका. पाइपावर दोन-अडीच सेंटीमीटर नळी चढायला हवी आणि क्लिप पाइपच्या फुगीर कडेच्या मागे बसायला हवी, तिच्यावर नाही. रबर पट्टीच्या काठाशी किंचित उचलल्यासारखं दिसलं की आवळणं थांबवा.

चॅसिसकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीला थोडी सैल जागा ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि ताणलेली नळी टोकाशी सुटते. कार्ब्युरेटरच्या झाकणावर पेट्रोल येण्याचं टोक वेगळं आणि हवेचं, जादा पेट्रोल वाहून नेणारं टोक वेगळं असतं. त्या दुसऱ्यातून खाली गेलेली नळी बुजवू नका आणि तिचं तोंड एक्झॉस्टपासून दूर सोडा. टॅपेट कव्हरकडून कार्ब्युरेटरकडे येणारी जाड नळी इंजिनच्या ब्रीदरची (इंजिनातली वाफ काढून घेणारी) असते, तिचा या कामाशी संबंध नाही.

पारदर्शक काचेचा फिल्टर बॉनेटखाली असेल तर या निमित्ताने काढून टाका. तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर काच आणि दोन जादा जोड हवेत कशाला? फिल्टर हवाच असेल तर मागे, पंपाजवळ.

चाचणी इंजिन सुरू न करता घ्या. अर्थची तार लावा, इग्निशन चालू करा. पंप भराभर टिकटिकेल, फ्लोटची भांडी भरली की मंद होऊन थांबेल. थांबला नाही तर एकतर कुठेतरी गळतंय, किंवा पंप हवा ओढतोय, किंवा सुई बसत नाही. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. बोटाला जाणवत नाही तो ओलावा कागदाला लगेच कळतो. मग इंजिन गरम करून, बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा टिश्यू, कारण बंद इंजिनाच्या उष्णतेत जोड सैल पडतात. शंभर मैलांनंतर क्लिपा एकदा तपासा.

इतकं करूनही वास राहिला तर डिकीत नाक खुपसा. टाकीच्या तोंडाशी जाड रबरी नळी असते आणि इंधनमापकाच्या युनिटला सील असतं, दोन्ही त्याच जुन्या रबराची. पुढे एचएस४ मध्ये फ्लोटच्या भांड्याखालून जेटकडे (पेट्रोल हवेत सोडणाऱ्या बारीक छिद्राकडे) जाणारी बारीक प्लास्टिकची नळी पाहा. ती मीटरच्या भावाने मिळत नाही, जेटसकट अख्खा भाग घ्यावा लागतो. तिच्या तळाच्या सीलपाशी ओल दिसली तर तोच दोषी.

या पंपाच्या पांढऱ्या तारेवर मूळ गाडीत फ्यूज नाही आणि इग्निशन चालू आहे तोवर, अपघातानंतरसुद्धा, पंप पेट्रोल ढकलत राहतो. गाडी स्टँडवर आहेच, तर धक्क्याने वीज तोडणारा इनर्शिया स्विच आणि फ्यूज याच दुपारी घाला.

हे वाचणारं कोणी पुण्या-मुंबईत जुनी गाडी सांभाळत असेल तर त्यांच्यासाठी: तिथे पंपावर आता सर्रास ई२० मिळतं, म्हणून वरचं सगळं तिथे दुपटीने लागू आहे. तुम्हाला इंग्लंडमध्ये निदान ‘सुपर’ घेण्याची सोय आहे, त्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच असतं. हिवाळ्यासाठी गाडी उभी करण्याआधीची शेवटची टाकी तरी त्याचीच भरा. आणि नळ्या बसवल्याची तारीख बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा. भेग असो वा नसो, पाच वर्षांनी त्या काढायच्या.