‘गाठीचा कॅन्सर’ म्हणावे का?

ब्रह्मपुरी तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, वडिलांच्या कमरेवरील चट्ट्यांना बरेच दिवस गजकर्णाचे मलम लावूनही गुण आला नाही, म्हणून कातडीचा तुकडा तपासला, तर अहवालात ‘मायकोसिस फंगॉइड्स, टी-पेशींचा लिम्फोमा’ असे आले. गावात लिम्फोमाला ‘गाठीचा कॅन्सर’ म्हणतात. वडिलांचे म्हणणे, ‘‘गाठ त कोठीच नाही, मंग गाठीचा कॅन्सर कसा?’’ शिवाय, ही बुरशी आहे काय, अशीही त्यांची शंका आहे.

वडिलांचा आक्षेप रास्त आहे. लिम्फोमा हा लसीका पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मान, काख, जांघ येथील ग्रंथींत या पेशी दाटीने असतात (पायातला काटा चिघळला की जांघेत अवधाण येते, ती हीच ग्रंथी), म्हणून बहुधा गाठ आधी हाताला लागते आणि नाव तिच्यावरून पडते. पण याच पेशी कातडीत, जठरात, नाकाच्या अस्तरातही वावरतात आणि रोग तेथेच सुरू होऊ शकतो. कातडीतला रोग खाजऱ्या चट्ट्यांच्या रूपाने येऊन कित्येक वर्षे इसब किंवा गजकर्ण म्हणून खपतो. चट्टे फिकट असले तर आपल्याकडे पहिला संशय कुष्ठाचा येतो, मात्र कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो. नाकातला दुर्मीळ प्रकार टाळूला भोक पाडतो व काळी खपली धरतो, त्यामुळे २०२१ मध्ये गाजलेल्या काळ्या बुरशीशी त्याची गल्लत होऊ शकते.

मायकोसिस फंगॉइड्सचा मात्र बुरशीशी संबंध केवळ नावापुरता. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ मध्ये या रोगाचे वर्णन केले. रोग बळावल्यावर कातडीवर उठणारे फुगवटे अळंबीसारखे, आपल्या झाडीपट्टीतल्या सात्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांनी पुढे हे नाव दिले. ‘कातडीची बुरशी’ असे भाषांतर केले, तर घरचे लोक रुग्णाची चादर वेगळी धुऊ लागतील, आणि हा रोग तर संसर्गाने पसरतच नाही.

तेव्हा घरात ‘कातडीतल्या लसीका पेशींचा कर्करोग’ म्हणावे. ‘लसीका’ ऐकून कोणाला टोचायची लस आठवली, तर खरचटल्यावर पाझरते ती लस दाखवावी. हा शब्द तिच्या जवळचा आहे. ग्रंथींबाहेर सुरू झालेल्या अशा रोगाला ‘ग्रंथीबाह्य’ हे विशेषण पुरेसे आहे. अहवालातले मूळ नाव मात्र दवाखान्याच्या फाइलीत जसेच्या तसे राहू द्यावे, कारण उपचार त्याच नावावरून ठरतात.