एकाच बाकावरचे स्पर्धक
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं मुंबईतल्या बीएमएसच्या (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) मुलांची आणि त्यांच्या पालकांची आहेत. मुंबई विद्यापीठाने हा अभ्यासक्रम १९९९ मध्ये सुरू केला. तेव्हापासून चर्चगेट ते विलेपार्ल्याच्या नामांकित कॉलेजांत त्याच्या जागांसाठी चुरस आहे. आपल्या शाळेत कायम वरच्या नंबरात राहिलेली मुलं इथे एका वर्गात येतात आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागे पडतात. ही पत्रं त्या पहिल्या धक्क्यातून आलेली आहेत, म्हणून सविस्तर उत्तरं देत आहोत.

मी एसवायला (दुसऱ्या वर्षाला) आहे. माझी एक मैत्रीण कॉस्टिंगच्या (उत्पादनखर्चाचा हिशेब) नोट्स देते म्हणते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अर्ध्याच पाठवते. आता मीही माझ्या नोट्स लपवायला लागले आहे. मनाला पटत नाही, पण दिल्या आणि मागे पडले तर? – विद्यार्थिनी, ठाणे

लपवून तुझ्या पदरात काहीच पडत नाही, आणि हे हिशेबाने दाखवता येतं. विद्यापीठाची श्रेणी तुझ्या स्वतःच्या टक्क्यांवर ठरते, वर्गातल्या नंबरावर ठरत नाही. ७५:२५ च्या (लेखी परीक्षेला ७५, इंटर्नलला २५ गुण) आराखड्यातला तक्ता घे. ८० आणि त्यापुढे ‘ओ’, म्हणजे १० पॉइंट. ७० पासून ९, ६० पासून ८, ५५ पासून ७, ५० पासून ६, ४५ पासून ५ आणि ४० पासून ४. मैत्रिणीला ८८ पडले म्हणून तुझ्या ७१ चे ६९ होत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तक्ता वेगळा आहे, तेव्हा तुझ्या तुकडीला कुठला लागू आहे ते परीक्षा विभागात विचारून घे.

आता याच तक्त्यातली खरी गोम बघ. ८१ आणि ९६, दोन्हीला १० च पॉइंट. पण ६९ आणि ७० मध्ये पूर्ण एका पॉइंटचा फरक. २० क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ३ क्रेडिटचा एक पेपर एका श्रेणीने वर गेला, तर एसजीपीआय (सेमिस्टरमधल्या पॉइंटांची क्रेडिटनुसार सरासरी) ३ भागिले २०, म्हणजे ०.१५ ने वाढतो. असे दोन पेपर ६९ वरून ७० वर गेले तर ०.३० ची वाढ. आवडत्या विषयात ८५ चे ९५ करायला घातलेले पंधरा दिवस एसजीपीआयमध्ये शून्य भर घालतात. इंटर्नल हातात आले की प्रत्येक विषयाची बेरीज मांड, सीमारेषेच्या अलीकडे दोन-तीन गुणांवर कुठले पेपर अडकलेत ते शोध आणि अभ्यासाचे तास तिकडे वळव.

काही खासगी विद्यापीठांत आणि स्वायत्त कॉलेजांत सापेक्ष श्रेणी असते, तिथे वर्गाची सरासरी मोजली जाते. पण साठ जणांच्या वर्गात एका मैत्रिणीच्या गुणांनी सरासरी कितीशी हलणार?

आणि समजावून सांगणाऱ्याचं स्वतःचंच पक्कं होतं. प्रोसेस कॉस्टिंगचं एक गणित बघ. १,००० युनिट टाकले, एकूण खर्च ३८,५०० रुपये, नॉर्मल लॉस (अपेक्षित नुकसान) ५ टक्के, भंगाराची किंमत युनिटला १० रुपये. बरीच मुलं ३८,५०० ला थेट १,००० ने भागतात आणि पुढचं सगळं गणित चुकतं. आधी नॉर्मल लॉसच्या ५० युनिटचे ५०० रुपये वजा करायचे, मग ३८,००० ला ९५० ने भागायचं. दर आला ४० रुपये. प्रत्यक्षात ९३० युनिट निघाले, तर अ‍ॅबनॉर्मल लॉस (अपेक्षेपेक्षा जास्तीचं नुकसान) २० युनिटचा, ८०० रुपयांचा. ५० युनिट का वगळले हे दुसऱ्याला सांगता आलं की परीक्षेत हात अडखळत नाही.

मैत्रिणीशी मात्र व्यवहार स्पष्ट ठेव. थिअरी तिची, सोडवलेली गणितं तुझी, आणि अदलाबदल परीक्षेच्या दहा दिवस आधी, समोरासमोर बसून. तरीही तिने टाळलं, तर तिच्यावर विसंबू नकोस. मनात राग मात्र धरू नकोस, तीही बहुधा तुझ्याच भीतीने वागते आहे.

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. वर्गात सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात. उत्तर येत असूनही माझा हात वर जात नाही. – विद्यार्थी, बदलापूर

तुझ्याकडे विषय आहे, फक्त शब्दांची अदलाबदल करायची आहे. बारावीच्या पुस्तपालन आणि लेखाकर्मात तू जे शिकलास, तेच इथे इंग्रजी नावांनी येतं. एक छोटी वही कर आणि जोड्या लिही. नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. रोजकीर्द जर्नल, खतावणी लेजर, तेरीज ट्रायल बॅलन्स, ताळेबंद बॅलन्स शीट, घसारा डेप्रिसिएशन, धनको क्रेडिटर, ऋणको डेटर. अर्थशास्त्र आणि मार्केटिंगचे शब्द धरून साधारण दीडशे जोड्या झाल्या की पहिल्या सेमिस्टरचं निम्मं ओझं उतरतं. वही लोकलमध्ये वाच, पण शब्द मोठ्याने म्हणायची सवय घरी लाव. डोळ्यांना ओळखीचा झालेला शब्द जिभेवर आलेला असतोच असं नाही.

बोलण्यासाठी सुरुवात प्रश्नापासून कर. रोज एका तासाला एकच प्रश्न, आदल्या रात्री इंग्रजीत लिहून ठेवलेला, दोन ओळींपेक्षा मोठा नको. महिनाभराने उत्तर द्यायला लाग. प्रेझेंटेशनमध्ये आकड्यांचा भाग स्वतःकडे माग. तिथे वाक्यं लहान असतात आणि आकडे तुझ्या बाजूने बोलतात. संपूर्ण भाषण पाठ करून जाणं मात्र टाळ, मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं हरवतं. चार शब्दांची चिठ्ठी हातात असू दे.

उच्चारांवरून कुणी हसलं तर लागणारच. पण बाजारपेठेवरचा प्रश्न आला की बदलापूरच्या किराणा दुकानदाराची उधारी कशी फिरते, गणपतीच्या आधी माल कधी भरला जातो, हे तुला माहीत आहे. केसवर (अभ्यासाला दिलेल्या व्यवसायाच्या उदाहरणावर) बोलताना तेच सांग, त्या वर्गात ते माहीत असणारे थोडेच असतील.

आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये सहा जण आहेत, काम दोघंच करतात, गुण सगळ्यांना सारखे. तक्रार केली तर वर्षभर अबोला. काय करावं? – टीवायची (तिसऱ्या वर्षाची) विद्यार्थिनी, मुलुंड

बहुतेक गट पहिल्याच बैठकीत बिघडतात, कारण तिथे काम ‘विषयांनी’ वाटलं जातं: तू प्रस्तावना, तू मार्केटिंग, तू निष्कर्ष. प्रस्तावना घेणारा अर्ध्या तासात मोकळा होतो आणि सर्वेक्षण घेणारी तीन आठवडे राबते. कामं तासांनी वाटा. ६० जणांची प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तर सहाही जणांनी प्रत्येकी दहा भरून आणायच्या. एकीने साठ गोळा करायला घेतल्या की शेवटच्या पंचवीस घरबसल्या भरल्या जातात आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ते उघडं पडतं.

लेखन एकाच सामायिक गूगल डॉक्युमेंटमध्ये करा. कुणी कधी काय लिहिलं याची नोंद तिथे आपोआप राहते, मग वेगळी चुगली करावी लागत नाही. पहिल्याच आठवड्यात एक पान करा: नाव, काम, तारीख. ते ग्रुपवर टाका आणि सगळ्यांचा होकार घ्या. शेवटी हेच पान अहवालात ‘कोणी काय केलं’ म्हणून जोडता येतं. जोडू का, हे मात्र प्राध्यापकांना सुरुवातीलाच विचारून ठेवा.

दोन तारखा चुकवणाऱ्याशी आधी एकट्याने बोल, चारचौघांत नको. कारण खरं असू शकतं. घरची अडचण असेल, किंवा संध्याकाळची नोकरी. मग त्याला वेळेला न बांधलेलं काम दे: संदर्भ तपासणं, तक्ते नीट करणं. खोटं वाटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच प्राध्यापकांकडे जा आणि ‘तो काम करत नाही’ म्हणण्याऐवजी ‘हा भाग आला नाही, आम्ही तो पुन्हा वाटून घेऊ का?’ असं विचार. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी केलेली तक्रार भांडणासारखी ऐकू येते.

स्लाइड्स एकाच माणसाने जुळवाव्यात, आणि त्याही दोन दिवस आधी. रात्री दोनला सहा जणांच्या सहा फाइली एकत्र येतात तेव्हा काय होतं ते ठाऊकच असेल: तीन प्रकारचे फॉन्ट, एका स्लाइडवर विक्री लाखांत, दुसरीवर कोटींत, आणि बेरीज कुठेच जुळत नाही. परीक्षकाचं बोट नेमकं तिथेच पडतं. दहा मिनिटांसाठी आठ स्लाइड्स पुरेत. सहाही जणांनी बोलायलाच हवं अशी अट नसेल, तर तिघांनी बोलावं आणि उरलेल्या तिघांनी प्रश्नांची उत्तरं द्यावीत. माणूस बदलला की दहा-पंधरा सेकंद जातात. तालीम घड्याळ लावून दोनदा, त्यातली एक तरी उभं राहून.

आमच्या कंटिन्जंटचा सीएल होण्यासाठी मी वर्षभर राबलो. पद सीनियरच्या मर्जीतल्या मुलाला मिळालं. ओसी सोडावीशी वाटते. अटेंडन्सचीही बोंब आहे. – एसवायचा विद्यार्थी, अंधेरी

ज्यांना ही भाषा नवी आहे त्यांच्यासाठी: दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टला जाणारा आपला चमू म्हणजे कंटिन्जंट, त्याचा प्रमुख सीएल, आणि आपल्या फेस्टची आयोजन समिती ती ओसी.

आधी अटेंडन्स. विद्यापीठाचा ऑर्डिनन्स (नियम) ६०८६ सांगतो: सरासरी ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ५०. सहा विषय, प्रत्येकी ६० तासिका धरल्या तर ३६०, म्हणजे ९० चुकल्या तरी चालतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण झेविअर्सचा मल्हार, एनएमचा उमंग हे फेस्ट ऑगस्टमधले. जुलैअखेरपासून तीन आठवडे रोजच्या पाच तासिका बुडाल्या, की ७५ तिथेच संपल्या. उरलेल्या पंधरांत ताप आणि पावसात बंद पडलेली लोकल, दोन्ही भागवायचे. फेस्टच्या कामाची हजेरी कॉलेज देत असेल तर पत्रावर तारीख आणि तासिका लिहून घे, प्रभारी शिक्षकांची सही त्याच आठवड्यात घे. सेमिस्टरच्या शेवटी नेलेलं एकगठ्ठा पत्र अनेकदा नाकारलं जातं.

आता पद. तुला वाईट वाटणं रास्त आहे. मर्जीने पदं दिली जातात हे आम्ही नाकारणार नाही, आणि त्याने चांगली मुलं दुखावतात. पण सीएल हे पद एकच असतं, आणि ओसीत मोजता येण्याजोगी कामं ढीगभर असतात. प्रायोजकत्व माग. दोन वर्षांनी मुलाखतीत ‘मी सीएल होतो’ यापेक्षा ‘मी ७० ठिकाणी बोललो, नऊ जण भेटले, तीन प्रायोजक आणले’ हे वाक्य जास्त वजनाचं ठरतं.

काम असं कर. एकच सामायिक यादी ठेव: दुकान किंवा ब्रँड, कोणाशी बोललो, तारीख, काय म्हणाले, पुन्हा कधी फोन. ही यादी नसली की एकाच ब्रँडला आपल्याच कॉलेजातून तिघांचे फोन जातात आणि ते दार कायमचं बंद होतं. प्रस्ताव एका पानाचा असावा: किती विद्यार्थी येणार, कुठल्या वयाचे, प्रायोजकाला नेमकं काय मिळणार, त्या बदल्यात किती रक्कम. रोख आणि बार्टर (पैशांऐवजी वस्तू) वेगळे मांड. कूपनं आणि सरबताच्या बाटल्यांनी मंडपवाल्याचं बिल भागत नाही. कबूल केलेल्या प्रत्येक बॅनरचा जागेवरचा फोटो काढून फेस्टनंतर आठवड्याभरात पाठव. पुढच्या वर्षी तोच प्रायोजक आपणहून फोन करू शकतो.

मुलीला बीएमएसच करायचं आहे, पण आवडत्या कॉलेजात आता त्याच धर्तीचं बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज आहे. हे दुय्यम आहे का? – एक आई, नाशिक

नाही. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) सुरू झाली. त्यानंतर अनेक कॉलेजांनी आपल्या अभ्यासक्रमाचं नाव बदलून तो बीकॉमखाली घेतला, तिथे या सीईटीची गरज नसते. तुम्ही नावापेक्षा विषयांची यादी, शिकवणारे कोण आणि मागच्या दोन वर्षांत कुठल्या कंपन्या आल्या ते विचारा. दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या असतील तर तिला सीईटी देऊ द्या. पहिल्या वर्षीचं स्वरूप असं होतं: ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांत इंग्रजीचे ४०, तर्क आणि अंकगणिताचे ३०, सामान्य ज्ञान आणि संगणकाचे प्रत्येकी १५, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. अर्ज भरण्यापूर्वी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचं स्वरूप बघून घ्या.

प्लेसमेंटच्या यादीत मी आणि माझी जिवलग मैत्रीण एकाच कंपनीसाठी, एकाच ग्रुप डिस्कशनमध्ये आहोत. – टीवायची विद्यार्थिनी, गिरगाव

पहिल्या पत्रातल्या नोट्सच्या बाबतीत स्पर्धा नव्हती, इथे आहे, कारण जागा मोजक्या आहेत. ते दोघींनी एकमेकींना आधीच बोलून दाखवा, म्हणजे निकालाच्या दिवशी तोंड चुकवावं लागणार नाही. तयारी एकत्र करा: रोज एक विषय, दोन मिनिटं विचार, दहा मिनिटं चर्चा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. कोण कुणाचं वाक्य तोडतं ते लगेच कळतं.

प्रत्यक्ष चर्चेत मात्र एकमेकींना दुजोरा द्यायचं आधी ठरवून जाऊ नका. दोन-तीन मिनिटांत पॅनेलच्या ते लक्षात येतं आणि दोघींचंही नुकसान होतं. तिचा मुद्दा चुकीचा वाटला तर इतर कुणाचा खोडला असता तसाच, कारण देऊन खोड. दहा जणांच्या चर्चेत तीन-चार वेळा बोलणं पुरेसं असतं, त्यातलं एकदा तरी गप्प बसलेल्या कुणाला बोलतं करायला वापर. आणि शक्य असेल तर शेजारी-शेजारी बसू नका, सवयीने एकमेकींकडे बघूनच बोललं जातं.