हॉलिवूड अभिनेत्री मार्लेन डीट्रिशचे गाल जुन्या फोटोंत इतके कोरीव कसे दिसतात? मेकअपची कमाल की प्रकाशाची?

मुख्यतः प्रकाशाची. १९३० च्या दशकात पॅरामाउंट या फिल्म स्टुडिओत दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग तिच्यावर मुख्य दिवा अगदी समोरून, पण डोक्याच्या बराच वर लावत. त्यामुळे गालाच्या हाडाखाली सावली पडते, चेहरा निमुळता दिसतो आणि नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली उमटते. म्हणूनच याला बटरफ्लाय लायटिंग म्हणतात. ‘शांघाय एक्सप्रेस’ (१९३२) हा चित्रपट बघा. त्याच्या छायाचित्रणासाठी ली गार्म्स यांना ऑस्कर मिळालं.

स्वतः करून बघायचं तर खूण एकच: नाकाची सावली वरच्या ओठाला टेकता कामा नये. टेकली तर दिवा फार वर गेलाय. डोळ्यांच्या खोबणीही काळ्या पडतील. सावली दिसेनाशी झाली तर दिवा फार खाली, चेहरा सपाट. तिरकी पडली तर दिवा बाजूला सरकलाय. हनुवटी किंचित वर ठेवा, खालून प्रकाश परतावा म्हणून छातीपाशी पांढरा पुठ्ठा धरा, केसांसाठी मागून दुसरा दिवा. गोल चेहऱ्यावर पुठ्ठा काढूनच टाका, नाहीतर गालाखालची सावली उजळते आणि सगळी मेहनत वाया.