पावसाळ्यातील अंदमान, रद्द झालेल्या बोटी आणि कंपनीकडे अडकलेले पैसे

प्रश्न: मी, पत्नी आणि माझे आईवडील अशा चौघांनी गेल्या जुलैत एका पर्यटन कंपनीमार्फत अंदमानची सहा रात्रींची सहल केली. ऑफ-सीझनची मोठी सवलत होती. १ लाख ३६ हजार रुपये आगाऊ भरले. नोंदणीपूर्वी मी व्हॉट्सअ‍ॅपवर पावसाबद्दल विचारले तेव्हा ‘पाऊस अधूनमधून असतो, बोटी नियमित चालतात’ असे लेखी उत्तर मिळाले. प्रत्यक्षात तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी समुद्र खवळल्याने स्वराज द्वीपाच्या बोटी बंद राहिल्या. त्या दोन रात्री आम्ही श्रीविजयपुरममध्ये (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) स्वखर्चाने राहिलो. पाचव्या दिवशी कंपनीच्या प्रतिनिधीने आम्हाला स्वराज द्वीपावर पाठवले, सहाव्या दिवशी परतीची बोट रद्द झाली आणि सातव्या दिवशीचे विमान चुकले. नवी तिकिटे काढावी लागली. कंपनी ‘नैसर्गिक आपत्ती’ आणि ‘ऑफ-सीझन सवलतीची रक्कम परत मिळणार नाही’ या दोन अटींवर बोट ठेवते. तिच्या ग्राहक सेवा विभागाशी माझे ईमेल अजून चालू आहेत. पूर्ण रक्कम परत मिळेल का? करारानुसार दावा फक्त श्रीविजयपुरम येथेच करता येतो, हे खरे आहे का?

उत्तर: पूर्ण रक्कम परत मिळण्याची शक्यता मला फार कमी वाटते, आणि तशी मागणी केल्यास आपली मूळची भक्कम बाजू कमकुवत होईल. आपण अंदमानला पोहोचलात, काही रात्री ठरल्याप्रमाणे राहिलात, काही स्थळे पाहिलीत. त्या सेवेचे मूल्य आपल्याला द्यावेच लागेल. शिवाय जुलैत पाऊस असतो हे आपल्यालाही ठाऊक होते आणि त्याचमुळे आपल्याला दर कमी पडला. पावसात भिजल्याबद्दल, समुद्रकिनारा ढगाळ दिसल्याबद्दल किंवा सूर्यास्त न दिसल्याबद्दल कोणताही ग्राहक आयोग भरपाई देणार नाही. बोट रद्द करण्याचा निर्णयही योग्यच होता. खवळलेल्या समुद्रात प्रवासी न नेणे ही सेवेतील त्रुटी ठरत नाही. आपली तक्रार हवामानाबद्दल नसून, हवामान माहीत असताना कंपनीने काय सांगितले, कार्यक्रम कसा आखला आणि न दिलेल्या सेवेचे पैसे का ठेवून घेतले, याबद्दल असली पाहिजे.

प्रथम ‘नैसर्गिक आपत्ती’च्या अटीचा विचार करू, कारण कंपनीचा सगळा भर तिच्यावर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ अन्वये, करार झाल्यानंतर त्याचे पालन अशक्य झाले तर तो करार रद्दबातल ठरतो. ‘अशक्य’ या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सत्यब्रत घोष खटल्यात स्पष्ट केला, आणि २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग खटल्यात असेही सांगितले की करारातच आपत्तीची अट असेल तर प्रश्न त्या अटीच्या शब्दांवर सुटतो आणि ती अट संकुचित अर्थानेच वाचली पाहिजे. आता अंदमानचे ऋतुमान पाहा. नैऋत्य मोसमी वारे भारतात सर्वांत आधी पोहोचतात ते याच द्वीपसमूहावर, साधारण मे महिन्याच्या उत्तरार्धात, केरळच्याही अगोदर; जुलै हा तेथील ऐन पावसाचा महिना आहे. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे भर पर्यटन हंगामात, वादळी हवामानामुळे हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) आणि नील (आताचे शहीद द्वीप) येथे शेकडो पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. असे वादळ हे आपत्तीच्या अटीत बसणारे खरे उदाहरण होय. जुलैत समुद्र दोन दिवस खवळणे ही मात्र तेथे व्यवसाय करणाऱ्या कोणत्याही कंपनीला अनपेक्षित असू शकत नाही, कारण ज्या कारणासाठी तिने सवलत दिली तेच कारण ती आता आपत्ती म्हणून पुढे करीत आहे. ही विसंगती आपल्या तक्रारीच्या पहिल्याच पानावर आली पाहिजे.

कलम ५६ चा तिसरा परिच्छेद सहसा कोणी वाचत नाही, परंतु तो येथे उपयोगी आहे. जी गोष्ट अशक्य आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होते, किंवा वाजवी तत्परता दाखवली असती तर कळले असते, आणि वचन घेणाऱ्याला ते माहीत नव्हते, तर वचन देणाऱ्याने नुकसानभरपाई दिली पाहिजे, असे तो सांगतो. जुलैत बोटी कधी चालतात, कधी चालत नाहीत, म्हणून हा परिच्छेद आपल्याला शब्दशः लागू होईल असे मी म्हणणार नाही; तरीही त्यामागचे तत्त्व आपल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाला बळ देते. ‘बोटी नियमित चालतात’ हे उत्तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत बसू शकते, आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही त्या कायद्याच्या कलम २(११) अन्वये सेवेतील त्रुटी आहे. तो संदेश पुसू नका, आणि ज्या फोनवर तो आला तो फोन विकू नका. केवळ संदेशाच्या छायाचित्रावर (स्क्रीनशॉटवर) विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

आता मागणी कशी मांडावी याकडे वळू. स्वराज द्वीपावरील न वापरलेल्या रात्री, न झालेला बोटप्रवास आणि न घडलेली स्थळभेट यांचा परतावा ही सर्वांत बळकट मागणी आहे. बोटचालकाने आणि तेथील हॉटेलने कंपनीला पैसे परत केले की नाही, हे आपण नोटिशीत स्पष्टपणे विचारावे. उत्तर टाळले गेल्यास आयोगाकडे ती कागदपत्रे हजर करण्याचा आदेश मागता येतो. त्या बाबतीत आयोगाला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(९) नुसार दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांतील निम्म्या तडजोडी याच प्रश्नानंतर होतात. श्रीविजयपुरममधील दोन रात्रींचा खर्च त्यानंतर येतो. बिले असतील आणि हॉटेल अवाजवी महागडे नसेल, तर तो मागण्यास हरकत नाही.

चुकलेल्या विमानाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. ज्या समुद्राने दोन दिवस बोटी अडवल्या होत्या त्याच समुद्रापलीकडे, परतीच्या विमानाला जेमतेम दोन दिवस उरले असताना, ज्येष्ठ नागरिकांसह कुटुंबाला पाठवणे हा नियोजनातील निष्काळजीपणा होता, असे आपण म्हणू शकता. कंपनी उत्तर देईल की आपणही जाण्यास उत्सुक होता. म्हणून प्रतिनिधीने त्या दिवशी नेमके काय सांगितले, धोक्याची कल्पना दिली का, हे शपथपत्रात तारीख-वेळेसह लिहा. आपणच आग्रह धरला असेल, तर हा भाग सोडून देणे मी पसंत करीन. कोणतीही भूमिका घेतली तरी चुकलेल्या मूळ तिकिटावरील वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क विमान कंपनीकडून परत मिळतात, तिकीट ना-परतावा असले तरीही, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियम आहे. रक्कम छोटी असते, पण चार तिकिटांची मागून घ्यावी.

‘रक्कम परत मिळणार नाही’ ही अट छापील करारात असली म्हणून अंतिम होत नाही. पायोनियर अर्बन लँड प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक मानल्या नाहीत. येथे एक खबरदारी घ्या: ‘अनुचित करार’ या शीर्षकाखाली स्वतंत्र दाद मागितल्यास ती राज्य आयोगाच्या कक्षेत जाते आणि जिल्हा आयोग हात वर करू शकतो. त्यामुळे तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढ्याच आधारांवर बेतावी.

अधिकारक्षेत्राच्या अटीची चिंता करू नये. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४(२) नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, आणि करारातील छापील वाक्य हा वैधानिक हक्क हिरावून घेऊ शकत नाही. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही. त्याआधी कंपनीला पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण कंपनीचे लेखी उत्तर नंतर पुरावा म्हणून कामी येते. सोबत सहलीच्या तारखांचे हवामान खात्याचे इशारे आणि बोट रद्द झाल्याचे संदेश जोडावेत. कंपनी हेच इशारे आपल्या बचावात दाखवील, तेव्हा ते आपणच आधी मांडलेले बरे.

आपण लिहिता की कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाशी अजून ईमेल चालू आहेत. ते चालू ठेवा, मात्र कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत वादाचे कारण घडल्यापासून, म्हणजे त्या जुलैपासूनच मोजली जाते, आणि कंपनी ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे कितीही वेळा कळवीत राहिली तरी ती वाढत नाही.