आवळपट्टी बांधायची की नाही?

प्रश्न : शाळेत असताना प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हाला बजावलं होतं, की हातापायातून रक्त वाहत असलं तरी वर आवळून काही बांधू नका, अवयव कापावा लागेल. परवा कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणात मात्र टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर बांधायचा पट्टा, कसं आवळायचं, हेच शिकवलं. खरं काय मानायचं?

उत्तर : ‘आवळू नका’ हा धडा मी स्वतः कितीतरी वर्षं शिकवला आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणं हे माझं कर्तव्यच समजते. परवा शिकलात ते माना. पण जुनी भीती कुठून आली, तेही ऐका.

हे साधन रणांगणावरचंच. १६७४ मध्ये बेझान्सोंच्या वेढ्यात मोरेल नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने कापडाच्या फासात काठी घालून पीळ दिला. १७१८ मध्ये झाँ-लुई पेटी या फ्रेंच शल्यविशारदाने काठीच्या जागी स्क्रू आणला. रक्त थांबायचं, पण जखमी माणूस तिथेच पडून राहायचा. नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे या शल्यविशारदाने हलक्या घोडागाड्यांतून जखमींना लढाई चालू असतानाच उचलायला सुरुवात केली, तरी १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईत हजारो जण उपचारांवाचून तळमळत होते. पहिल्या महायुद्धात चिखलातून स्ट्रेचर नेता नेता तासन्‌तास जात. तोवर पट्ट्याखालचा पाय मेलेला असे.

शल्यविशारदाच्या टेबलावर असे काळे पडलेले पाय यायचे, आणि तो पट्ट्याला दोष द्यायचा. पट्टा न मिळाल्याने जे वाटेतच रक्तस्रावाने गेले, ते टेबलापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांची बाजू मांडणार कोण? माझ्या मते आपल्या जुन्या धड्यातली चूक इथेच आहे.

प्रथमोपचाराचं हे ज्ञान सैन्याबाहेर आणणाराही एक लष्करी डॉक्टरच होता. पीटर शेफर्डने १८७८ मध्ये लंडनजवळच्या वुलिचला सामान्य नागरिकांचे वर्ग घेतले आणि पुढच्याच जानेवारीत तो दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वानाच्या लढाईत मारला गेला. तुमचा शाळेतला वर्ग त्याच परंपरेतला.

इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत सैनिकांजवळच पट्टे दिले गेले आणि जखमी लवकर शस्त्रक्रियेपर्यंत पोचू लागले. पट्टा वेळेत लागला की जीव वाचतो आणि हातपाय सहसा शाबूत राहतात, हे तिथे दिसलं. साधारण दोन तासांत उपचार मिळाले, तर कायमचं नुकसान क्वचितच होतं.

आता कृती. मदत बोलवा. आधी जखमेवर स्वच्छ कापड ठेवून अंगाचा भार देऊन दाबा. बहुतेक वेळा एवढं पुरतं. रक्त उसळत असेल किंवा दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, पाच ते सात सेंटिमीटरवर पट्टा बांधा, सांध्यावर नको. तयार पट्टा नसेल, तर रुंद कापड आणि पिळायला मजबूत काठी घ्या. दोरी किंवा तार मांसात रुतते. नुसता कमरेचा पट्टा पुरेसा आवळला जात नाही. रक्त थांबेपर्यंत पिळा. माणूस ओरडेल, फार दुखतं. त्याला तसं आधी सांगा. बांधल्याची वेळ ठळक लिहून ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत पट्टा सैल करू नका. ‘मधूनमधून सोडा’ हाही जुनाच सल्ला, त्याने पुन्हा रक्त जातं.

सर्पदंशाला मात्र हे लावायचं नाही. तिथे अवयव न हलवता माणसाला लगेच रुग्णालयात न्या.