लॅपटॉप तापतोय, मदरबोर्ड बदलू का? आणि उन्हाळ्यातले बाकीचे प्रश्न

एप्रिल लागला की सोलापुरात तेच ते प्रश्न सुरू होतात, म्हणून यावेळी एकदमच उत्तरं देतोय.

गेम खेळताना प्रोसेसर 92 अंशांवर जातो. जळेल का? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

नाही जळत. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा 95-100 च्या आसपास असते, तिथं पोचला की तो आपला आपण स्पीड कमी करतो, तरी उतरला नाही तर मशीन बंद करतो. पण गेम नाही, नुसती एक्सेल उघडी आहे आणि तरी 90 दाखवतंय, तर दाखवून घ्या.

लॅपटॉप थंड करणारं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?

जाहिरातीतलं एकही नाही. तेच मागं चालत राहतं आणि मशीन अजून तापवतं.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ऑफिसचा लॅपटॉप तीन वर्षांचा. दुपारी हिशोब करताना अचानक बंद पडतो, तासाभरानं चालू होतो. एका दुकानात मदरबोर्ड गेला म्हणाले, 11 हजार सांगितले. बदलू का?

थांबा, पैसे देऊ नका अजून. तासाभरानं गार झाल्यावर गपगुमान चालू होतोय म्हणजे पहिला संशय उष्णतेवर घ्यायचा, मदरबोर्डवर नाही. आणि त्या दुकानदारानं लॅपटॉप उघडून बघितला का, हे तुम्ही लिहिलंच नाहीये, मला वाटतं नसणार.

लूमच्या शेडला लागून ऑफिस असलं की हवेत सुताचा बारीक भुगा कायम उडत असतो, आपल्याला दिसत नाही पण लॅपटॉपचा पंखा तो दिवसभर आत ओढतो. मागचं झाकण काढून पंखा उचलला की पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या जाळीमधे एक राखाडी पट्टी बसलेली दिसते, चिमट्यानं धरली तर अख्खी निघते, थेट टॉवेलच्या काठासारखी. बाहेरून बघाल तर जाळी स्वच्छ! म्हणून लोक म्हणतात आम्ही रोज पुसतो हो. पुसून काय होतंय, हवा जायची वाटच आतून बंद आहे, पंखा नुसता घरघर करतो. आणि कृपा करून कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा पाइप लावू नका, त्याच्या हवेत पाणी असतं, प्रेशरनं पंखा नको तेवढा फिरून बेअरिंग जातं आणि बाहेरून मारलेली हवा ती पट्टी उलट पंख्यात ढकलते.

त्यात आपला उन्हाळा. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 35 अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. मे महिन्यात इथं पारा 42-43 ला टेकतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. खोली 12 अंशांनी जास्त तापली की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते, कारण पंखा काही गार हवा तयार करत नाही, खोलीतलीच आत मारतो.

खरी चीड येते ती उशिराची. नुकसान एका दिवसात होत नाही ना, त्यामुळं कुणाला घाई नसते. चिपची उष्णता तांब्याकडं नेणारी मधली पेस्ट वाळते, बॅटरी म्हातारी होते, चिपखालचे सोल्डरचे टाके रोज तापून गार होऊन तडकत जातात, मग एक दिवस मदरबोर्ड खरंच जातो. पंखा आवाज करायला लागला तेव्हाच आणला असता तर सफाईत भागलं असतं! लूमजवळचं मशीन दर तीन-चार महिन्यांनी उघडून साफ करून घ्या, घरचं वर्षातून एकदा. समोर बसून उघडायला लावा, आधीचं आणि नंतरचं तापमान दाखवायला सांगा. तरीही बंद पडला तर चिप लेव्हलचं काम करणाऱ्या, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भाग दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मगच 11 हजारांचं बोला.

दर सहा महिन्यांनी पेस्ट बदलायलाच लागते का? दुकानदार म्हणतो लिक्विड मेटल लावू, कायमचं थंड.

कायमचं काही नसतं. चांगली पेस्ट दोन-तीन वर्षं सहज जाते. लिक्विड मेटल म्हणजे पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू, त्यातून वीज वाहते, एक थेंब बाजूला सांडला तर बोर्ड संपला, शिवाय त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका.

ग्राफिक चिपला हीट मारून डिस्प्ले आणून दिला, महिन्याभरात परत गेला.

जाणारच होता. हीट मारणं म्हणजे चिप गरम हवेनं तापवून तात्पुरती चालू करणं, ती दुरुस्ती नव्हे. पुढच्या वेळी वॉरंटी लेखी मागा, देत नसतील तर उठा तिथून.

चार्जर कायम लावलेला असतो. हल्ली टचपॅड जरा वर आल्यासारखा वाटतोय, क्लिक होत नाही. (नवी पेठ)

हे वाचताय त्याच लॅपटॉपवर वाचत असाल तर आधी बंद करा, चार्जर काढा. बॅटरी फुगली असण्याची शक्यता खूप आहे. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून फिरू नका, आजच्या आज सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तिथंच जमा करा. नवी बसवल्यावर सेटिंगमधे चार्ज 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा, बऱ्याच कंपन्या देतात. कायम फुल चार्ज आणि वरून उष्णता, यानंच बॅटरी लवकर जाते.

कूलरसमोर ठेवला तर चालेल का?

अगदी तोंडासमोर नको, त्या हवेत ओल असते, कधी थेंबही उडतात. खोलीत कूलर चालू आणि खिडकी उघडी असेल तर उत्तमच, पण लॅपटॉप बाजूला टेबलावर, गादीवर नाही. व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम सकाळीच उरकून घ्या.