पाते केवढे आणि म्यान कसले? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सहा-सात मित्र दर हिवाळ्यात पवना किंवा मुळशीच्या जलाशयाकाठी तंबू टाकून राहतो. गेल्या वर्षी आमच्यापैकी दोघांनी कायाक (वल्हवायच्या छोट्या, अरुंद होड्या) घेतल्या. त्यांतली एक हवा भरायची आहे. आजवर घरातली भाजीची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत होतो. आता मात्र न मिटणारा, पक्क्या पात्याचा एक चांगला चाकू घ्यावा असे वाटते. खर्चाची मर्यादा अडीच हजार रुपये आहे. दुकानात आम्हाला आठ इंची काळ्या पात्याचा, पाठीवर करवतीचे दाते असलेला आणि मुठीत होकायंत्र बसवलेला चाकू दाखवण्यात आला. तो घ्यावा का? हाच चाकू पाण्यातही कमरेला लावता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो चाकू घेऊ नये. होकायंत्र बसवलेल्या अशा चाकूंची मूठ बहुधा पोकळ असते, त्यामुळे पात्याचा मुठीत जाणारा भाग बोटभरही उरत नाही आणि जरा तिरपा जोर पडला की चाकू नेमका त्या जोडापाशी मोडतो. पाठीवरच्या दात्यांनी लाकूड कापले जात नाही. खऱ्या करवतीचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात, म्हणून तिला पुढे सरकायला वाट मिळते. जाड पात्याच्या पाठीवर नुसत्या खाचा पाडल्या की त्या लाकडात अडकून बसतात. शिवाय बारीक कामात अंगठा पाठीवर टेकवावा लागतो, आणि तिथेच दाते असतील तर अंगठा टेकवायचा कुठे?

लांबीचे म्हणाल, तर मी एकदा दोन दिवसांच्या मुक्कामात चाकूने प्रत्यक्ष काय काय कापले याची यादी केली होती. कांदे, टोमॅटो, काकडी, दुधाच्या आणि मसाल्याच्या पिशव्या, तंबूची जास्तीची दोरी, चिकटपट्टी आणि तंबूच्या खुंटीसाठी टोक काढायची एक वाळकी काठी, एवढीच ती यादी झाली. यातल्या एकाही कामाला चार इंचांहून मोठे पाते लागत नाही, आणि बहुतेकांना ते मोठे पाते अडचणच करते. परदेशी चित्रफितींत चाकूवर ओंडक्याचे घाव घालून लाकूड फोडताना दाखवतात, आणि त्यासाठी पाव इंच जाडीचे पाते हवे असे सांगितले जाते. बर्फाळ प्रदेशात, जिथे बाहेरून भिजलेल्या लाकडाच्या आतला कोरडा गाभा काढल्याशिवाय शेकोटी पेटत नाही, तिथे या म्हणण्याला अर्थ आहे. आपण स्टोव्ह नेतो. शेकोटी केलीच तर गावातून मोळी विकत घेतो, आणि वनखात्याच्या हद्दीत लाकूड तोडायला परवानगीही नसते. तेव्हा जाड पात्याचे पैसे देऊन आपण केवळ कांदा वाईट चिरण्याची सोय करून घेतो.

म्हणून पाते साडेतीन ते चार इंच लांब आणि दोन ते अडीच मिलिमीटर जाड असावे. पोलाद स्टेनलेस घ्यावे. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की त्याला स्टेनलेस म्हणतात, पण तेवढ्याने चाकू चांगला ठरत नाही, कारण धार धरून ठेवण्याचे काम मुख्यतः कार्बनचे आणि पाणी देण्याच्या, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करण्याच्या, कौशल्याचे असते. पात्यावर नुसतेच ‘स्टेनलेस’ लिहिलेले असेल आणि पोलादाचे नाव दिलेले नसेल, तर ते बहुधा मऊ जातीचे असते. त्याला धार झटकन येते आणि तितक्याच झटकन जाते. ‘१२सी२७’ हे स्वीडनचे पोलाद (कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा टक्के) किंवा ‘८सीआर१३एमओव्ही’ हे चिनी पोलाद या किमतीत मिळणाऱ्या चाकूंत समाधानकारक आहे. याहून महागड्या पोलादांची धार जास्त टिकते हे खरे, परंतु ती गेल्यावर घरच्या दगडावर परत आणणे हे नवशिक्याच्या सहनशक्तीचे काम होऊन बसते.

एकच नाव सुचवायचे झाले तर मी स्वीडनच्या मोराक्निव्ह कंपनीचा ‘कम्पॅनियन’, तोही स्टेनलेस पात्याचा, सुचवीन. मोरा हे दालार्ना प्रांतातले गाव. चाकू बनवण्याची तिथली परंपरा जुनी आहे आणि या कंपनीचा पूर्वज असलेला एक कारखाना तिथे १८९१ साली सुरू झाला. पाते १०४ मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड, मूठ ओल्या हातातून न सटकणाऱ्या रबरासारख्या आवरणाची, म्यान प्लास्टिकचे. पाते मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, यावर जाणकार नाके मुरडतात; पण वर दिलेल्या यादीतल्या कामांसाठी त्याने काही बिघडत नाही. त्याची खरी उणीव दुसरीच आहे. त्याच्या धारेचा उतार पात्याच्या रुंदीच्या मध्यापासून एकदम सुरू होतो, त्यामुळे लाकूड तासायला तो फार छान चालतो, पण गाजर किंवा कच्चा बटाटा चिरताना ते पाचरीसारखे पाते फोड कापण्याऐवजी तडकवते. याच उताराचा फायदा धार लावताना होतो, कारण तो पसरट भाग दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो. आयात मालाची किंमत विक्रेत्यागणिक बदलते, म्हणून इथे आकडा देत नाही. दोन-तीन ठिकाणी चौकशी करूनच घ्यावा, आणि फारच स्वस्त मिळत असेल तर तो नकली नाही ना, हे पाहावे.

तेवढेही पैसे घालायचे नसतील तर घरातल्याच एखाद्या चार इंची, चांगल्या सुरीसाठी म्यान करावे. जुन्या प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून फळीखाली चपटा दाबला आणि एक टोक रिव्हेटने बंद केले की काम होते. मी चार वर्षे हेच वापरले. वर्तमानपत्राची गुंडाळी मात्र बंद करा. सॅकमध्ये हात घालताना झालेल्या जखमा मी दोनदा बांधल्या आहेत, आणि त्या दोन्ही अशाच सुऱ्यांच्या होत्या.

आता पाण्याविषयी. कायाकवर जवळ ठेवायचा चाकू हा स्वयंपाकाचा चाकू नव्हे. त्याचे काम एकच, दोरीत किंवा जाळ्यात अडकलेल्या माणसाला सोडवणे. तेही गडबडीत, गार पडलेल्या बोटांनी आणि कदाचित डाव्या हाताने. अशा वेळी टोकदार पाते स्वतःच्या किंवा सोबत्याच्या अंगात घुसण्याची भीती फार, आणि हवा भरायच्या कायाकवर तर टोक नकोच. म्हणून बोथट टोकाचे, तीन इंचांचे, निदान अर्ध्या धारेला दाते असलेले पाते घ्यावे. ओली नायलॉनची दोरी सपाट धारेखाली घसरते, ती दात्यांत सापडते. हा चाकू कमरेला लावू नये. बसलेल्या माणसाची कंबर कायाकच्या आत आणि लाइफ जॅकेटच्या खाली दडलेली असते, म्हणून त्याची जागा जॅकेटच्या छातीवर, दोन्ही हातांना सापडेल अशी. विकत घेतल्यावर म्यान उलटे धरून जोरात झटकून पाहा. चाकू पडला तर तो पाण्यासाठी नाही. म्यानाला तळाशी पाणी निथळण्याचे भोक हवे आणि मूठ पिवळी किंवा नारिंगी हवी, कारण काळ्या मुठीचा चाकू हातातून सुटला की दिसेनासा होतो.

याची गरज तुम्हाला किती? कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करताना, म्हणजे भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडलेल्या वाहत्या पाण्यात, चाकू वाटाड्याजवळ असतो. प्रवाशाने आपला बाळगू नये. पवना-मुळशीच्या संथ पाण्यात दोर अडकण्याचा प्रसंग क्वचितच येतो, पण मासेमारीची जाळी मात्र असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर ओळीने तरंगणाऱ्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळे आहे असे समजावे आणि लांबून वळसा घालावा. वल्हे अडकलेच, तर आधी थांबून ते मागच्या मागे सोडवून घ्यावे. नुसत्या वल्ह्यासाठी कोणाचे जाळे कापणे म्हणजे त्याची त्या दिवसाची कमाई कापणे होय. माणूसच अडकला असेल तर अर्थातच विचार करत बसू नये.

दोन्ही चाकू अडीच हजारांत बसले नाहीत, तर आधी मुक्कामाचा घ्या, आणि पाण्यासाठी दोरी कापायचे साधे हुकच्या आकाराचे कटर घ्या. त्याची धार आतल्या बाजूला असते, त्यामुळे त्याने इजा होण्याचा संभव कमी. त्यातूनही दोनशे-तीनशे रुपये धार लावायच्या दुतर्फी दगडासाठी बाजूला ठेवा. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर नवा चाकू देऊ नये. ठिणग्या उडतात तेव्हा धारेची कड फार तापते, आणि तिच्यावर निळसर झाक आली तर पोलादाला दिलेले पाणी तिथे उतरले असे समजावे. मुक्कामी दगड विसरलात तर चिनी मातीचा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत, चकाकी नसलेल्या कडेवर पाते हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढावे. टोमॅटो चिरण्याइतकी धार परत येते.

प्रश्न : आमच्या गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) चाकू करून दिला आहे. धार अप्रतिम आहे, पण खाडीतून एक फेरी मारून आले की दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसतात. म्यान चामड्याचे आहे. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : चाकूत काही दोष नाही. ट्रकच्या पाट्याचे पोलाद चिवट असते. कोयते त्याचेच होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. फक्त त्यात क्रोमियम नावापुरतेच असल्यामुळे खाऱ्या हवेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. (खारे पाणी स्टेनलेसलाही सोडत नाही, त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते उशिरा लक्षात येतात.) तुमचा खरा शत्रू ते म्यान आहे. चामडे खारे पाणी पिऊन बसते, वरून वाळलेले दिसते आणि आत पात्याला रात्रभर ओली मिठी मारून ठेवते. माझाही एक चाकू हर्णैच्या एका मुक्कामात असाच खराब झाला. सकाळी तो म्यानातून ओढूनच काढावा लागला. प्रवासात प्लास्टिकचे म्यान वापरा, चामड्याचे घरी शोभेला ठेवा, आणि घरी सुद्धा चाकू म्यानाबाहेर कोरड्या कपड्यात ठेवा. खाडीतून आल्यावर पाते गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. यंत्राचे तेल नको, कारण याच पात्याने पुढे कांदा चिरला जाणार आहे. आताचे ठिपके राखेने किंवा भांड्यांच्या बारीक घासणीने निघतील. कोकम, लिंबू किंवा कैरी कापल्यावर पाते काळपट-निळे पडते, त्याची मात्र चिंता करू नका; तो गंज नसून वरचा पातळ थर आहे, आणि तो उलट गंजाला थोडा अटकाव करतो. नुकत्याच घासलेल्या पात्याने चिरलेली फळे किंचित काळवंडतात, इतकेच.

प्रश्न : आम्ही बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाणार आहोत. चार इंची चाकू सोबत ठेवला तर कायद्याची अडचण येईल का? चार इंचांना परवाना लागत नाही, असे ऐकले आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही ऐकलेले अर्धेच आहे. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या वापराची हत्यारे वगळली आहेत. चार इंची चाकू त्यात बसत नाही, म्हणजे परवान्यापुरते तुमचे ऐकणे बरोबर आहे. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावारी, निवडणुकीच्या काळात किंवा तणाव असताना जिल्ह्याजिल्ह्यांत मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकूंचा समावेश असतो, तिथे लांबीचा हिशेब चालत नाही. चाकू कमरेला मिरवण्याऐवजी सॅकच्या तळाशी, भांड्यांच्या पिशवीत ठेवणे शहाणपणाचे. विमानाने जायचे असेल तर तो हातातल्या सामानात चालत नाही, तपासणीला सोडायच्या सामानातच द्यावा.

वासोट्याचा प्रश्न याहून वेगळा आहे, कारण तो कोयना अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर गळ, जाळी आणि चाकूही आहेत, आणि कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. त्यात इंचांची अट नाही. कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आत विस्तव पेटवण्यासही मनाई आहे. तिथे मुक्कामही करता येत नाही आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे असते, मग चाकू लागतोच कशाला? तो गाडीत ठेवा. काकडी आणि गाजरे घरूनच चिरून डब्यात न्यावीत. मीठ मात्र गडावर पोचल्यावर लावावे, नाहीतर बोटीतच डब्याला पाणी सुटते.